कापून झालेली नखं

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

सुखरूप पोचले. सहा तासांच्या बसप्रवासात आमच्या गटाने सगळी गाणी दोनदा म्हटली आणि सगळ्यांचे घसे बसले. ते निघतानाच बसले असते तर बरं झालं असतं, असं मनात आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. इथे फोन लागत नाही. टपालाची गाडी रोज एक फेरी मारते, तेव्हा पत्रच.

तळ्याकाठी मासेमारीची जाळी विणणाऱ्यांची वस्ती आहे, मधोमध शाळा. चर्चमधून आम्ही अकरा जण दहा दिवस इथल्या मुलांची आणि कुटुंबांची सेवा करायला आलोय, हे तुला ऐकून ऐकून पाठच झालंय. पण इथे सेवेला रीतसर नंबर लागतात. एक आजी वही घेऊन बसतात. आमच्यासारखे बारा गट येऊन गेलेत. कोणत्या घराने कोणाकडून काय करून घ्यायचं ते वहीत मांडलेलं असतं, म्हणजे एकाच घरावर ताण पडत नाही. हे आजींचेच शब्द.

आम्हाला शाळा रंगवायची होती. ती बाराही गटांनी रंगवलीय. थर इतके चढलेत की खिडकी उघडत नाही आणि दार लागत नाही. शाळेच्या बाई म्हणाल्या, रंगवा, पण दाराकडे जरा हात राखून. आमचे प्रमुख निवृत्त दंतवैद्य आहेत. त्यांनी मुलांना दात घासून दाखवले, तेव्हा पाच वर्षांच्या एका मुलीने त्यांना थांबवून मागच्या दाढा राहिल्याचं सांगितलं.

माझ्या वाट्याला वहीवाल्या आजींची नखं आली. ती आधीच्या गटाने नुकतीच कापलेली. कापण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी मी हिरमुसायला नको म्हणून आजींनी दोन्ही हात पुढे केले. मी हवेतच दहा वेळा नेलकटर वाजवलं. त्यांनी आभार मानले. यात सेवा कोणी कोणाची केली, ते डायरीत दीड पान खरडूनही सुटलं नाही.

तुझं डोळ्याचं ऑपरेशन वीसला, मी बारालाच परत. या आधीच्या तीन तारखा माझ्यामुळे हुकल्या, विसरलेले नाही. या वेळी नक्की. आईला सलाम, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
धाकटी

५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

अक्षर मोठं आणि ओळी वाकड्या दिसतील. डावा डोळा आता नुसता शोभेला राहिलाय आणि उजवा त्याच्या पावलावर पाऊल टाकतोय. काल मी आईच्या केसांना तेल समजून भांड्यांचा साबण चोळला. वास छान आहे, म्हणाली.

तिने विचारलं, धाकटी कुठे गेली. मी सांगितलं, दुसऱ्यांच्या आयांची नखं कापायला. मग तिने बराच वेळ स्वतःची नखं न्याहाळली. मला दिसत नाही म्हणून महिनाभर ती तशीच आहेत. हा टोमणा नाही, घडलं ते लिहितेय. बरं, थोडा आहे.

रुग्णालयातून निरोप आलाय. वीस तारीख रद्द. नऊला या, नाहीतर चार महिन्यांनी. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं की डोळा चार महिने थांबणार नाही, पुढे केलं तरी फारसं दिसणार नाही. मी आठला सकाळी नाही म्हणून कळवते. दुसरं काय करू? ऑपरेशननंतर काही दिवस मला ओझं उचलायचं नाही, आणि अंथरुणातून आईला उचलून खुर्चीत कोण बसवणार? शेजारीण तयार आहे, पण तिला स्वतःला उठवायला दोघं लागतात.

तू मनाला लावून घेऊ नकोस. नव्हे, थोडं घे.

आशीर्वाद आहेतच, ते काही मागून घ्यावे लागत नाहीत.

ताई

७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

नाही कळवू नकोस. हे पत्र देणारी उंच बाई दारात उभी असेल, तिच्यामागे आणखी तिघी. चौघींच्या अंगात चार वेगवेगळ्या चर्चचे टी-शर्ट असतील. दचकू नकोस. आधीच्या गटांनी मागे ठेवलेले आहेत.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ब्रश घेऊन भिंतीपाशी होते. रडू आवरेना. आजींनी कारण विचारलं, मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी एकच प्रश्न केला, आईला कधी उचललंस का? मी तोंड उघडलं, आणि खरं बोलावं लागलं. कधीच नाही. उचलायची तू. मी यायचे ती फळं घेऊन.

टपालाच्या गाडीत चारच जागा आहेत. जिला उचलता येत नाही तिने जागा अडवू नये, असं आजींनी ठरवलं. या चौघींचं म्हणणं, बारा गटांनी आम्हाला धुतलंय, पुसलंय, भरवलंय, तेव्हा कसं करू नये हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. त्यांची सात मुलं आणि उंच बाईंचे अंथरुणावरचे सासरे माझ्या हवाली झालेत.

दंतवैद्यांची अडचण वेगळीच. ज्यांची सेवा करायची त्याच निघून गेल्या, तर अहवालात लिहायचं काय? आजी म्हणाल्या, लिहा की तेरावा गट तुमचा आणि चौदावा आम्हीच.

मी येत नाही ते जागा नाही म्हणून, की मला भीती वाटते म्हणून, हे अजून ठरवता आलेलं नाही. रागाव, पण ऑपरेशन करून घेऊन रागाव.

तुझी
धाकटी

१० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

सांगतेय मी, लिहितेय उंच बाई. ऑपरेशन पार पडलं. पट्टी उद्या सुटेल.

काय एकेक बायका पाठवल्यास! आल्या आल्या आईच्या पलंगाभोवती उभ्या राहिल्या, हसल्या आणि तशाच थांबल्या. मी विचारलं, काय झालं? तर म्हणे आधी फोटो असतो. कॅमेरा कोणाकडेच नव्हता, पण त्याशिवाय सुरुवात करणं त्यांना बरं दिसेना. मग हातवारे करत गाणं म्हटलं. आईनेही पलंगावरून हातवारे केले.

एक पुढून, एक मागून, तिसरी मोजते, अशी ती आईला उचलायची पद्धत. आई म्हणाली, याला उचलणं म्हणतात होय! म्हणजे सहा वर्षं मी तिला नुसती ओढतच होते. आईसाहेबांची नखं कापून झालीत. स्वयंपाकघराची भिंतही रंगवून झाली, शाळेतल्या उरलेल्या निळ्या रंगाने. कशासाठी, विचारलं. त्यांनाही माहीत नाही, पण हे करायचंच असतं. आपलं दार अजून लागतंय.

आता नीट ऐक. पंधराला त्यांच्याकडे नवा गट येतोय आणि वस्तीतली माणसं सेवा घेऊन घेऊन दमलीत. आजींच्या वहीत जागा रिकामी आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालेली बाई या चौघींना त्या जागेसाठी फार पसंत पडली. मी हो म्हटलंय. पंधरा दिवस काही उचलायचं नाही, भरवलं तर तोंड उघडायचं. बाराला सकाळी या चौघींबरोबर भाड्याच्या गाडीने निघते. तू येईपर्यंत शेजारीण आईजवळ बसेल, बसणं तिला छान जमतं. त्यानंतर आई तुझ्या हाती.

ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

काल पुलावर तुमची गाडी आमच्या बसशेजारून गेली. खिडकीतून हात हलवून तू मला आधी ओळखलंस. मी तुला ओळखलं नाही, काळ्या चष्म्याची कोण ही आनंदी बाई, असा विचार करत राहिले.

उचलायला मी उंच बाईंच्या सासऱ्यांवर शिकले. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही जमिनीवर आलो. मुलं शाळेतून येईपर्यंत तिथेच गप्पा मारत बसलो. मग मुलांनी शिकवलं. एकटीने उचलायचं तर गुडघे वाकवायचे, पाठ नाही, आणि मोठ्याने मोजायचं. आज सकाळी मी मोजलं आणि आईला खुर्चीत बसवलं. ताई, ती किती हलकी झालीय. तुला हे माहीत होतं. मी इतकी वर्षं विचारलंही नाही.

नंतर नेलकटर घेऊन तिच्यासमोर बसले, तर नखं नीट कापलेली. कापण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं आणि उठायला लागले. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग दोन्ही हात पुढे केले.

तुझी
धाकटी