मेई, त्या कॉमेंटखालचे माझे बदाम

प्रिय मेई,

तुला मराठी येत नाही, तरी मराठीतच लिहितेय. न वाचता मी काय करून बसले, ते आज कळलं. आता निदान माझ्या भाषेत तरी नीट बोलते.

तुझ्या टेबलावर नवी मुलगी आलीय, तुझ्याच देशाची. तू माझ्या फोनवर घालून दिलेलं तुमचं ते चिनी अ‍ॅप तिने पाहिलं आणि भाषांतराचं बटण दाबून दाखवलं. इतके दिवस ते बटण तिथंच होतं गं!

आठवतं, ओमानातल्या या दुक्मच्या अख्ख्या बांधकाम साइटवर बायका आपण दोघीच? बायकांच्या टॉयलेटला कुलूप आणि किल्ली फोरमनच्या खिशात. मागायला गेलं की सगळे हसायचे. "पाणी कमी पी," एवढंच शहाणपण मी तुला शिकवलं. तू मात्र त्या कुलपाचा फोटो काढून तुमच्या लोकांसाठी त्या अ‍ॅपवर लिहिलंस.

खाली कॉमेंटचा ढीग पडला. मला वाटलं, कौतुक चाललंय. आमच्या वसईच्या फॅमिली ग्रुपवर बाप्तिस्मा असो की मयत, लाल बदामाचा इमोजी टाकायचाच, नाहीतर मावशी रुसते. त्याच सवयीने मी जेवणाच्या सुट्टीत एकेका कॉमेंटला बदाम देत बसले.

आज वाचलं. ‘पुरुषाची नोकरी खाल्लीस, वर नखरे?’ ‘हिला घरी बसवा.’ एकाने तुझ्या आईवडिलांचा पत्ताच टाकला होता. त्यालाही माझा बदाम, शेजारी माझा हसरा फोटो.

तू विचारलं होतंस, "दीदी, यू रीड ऑल?" मी म्हटलं, "ऑल, ऑल. व्हेरी नाइस." तू चहा तसाच ठेवून उठलीस. मला वाटलं, ऊन लागलं असेल. मग तू घरी निघून गेलीस, आणि महिन्याभराने तुझ्या भावाचा निरोप आला, तू जीव दिलास म्हणून.

भांडायचं तरी होतंस. "काय गं हे?" एवढंही नाही विचारलंस. मीसुद्धा त्यांच्यातलीच, असं समजून गेलीस का? फार दुखतंय मेई.

नवी मुलगी म्हणते, "खलास दीदी, अ‍ॅप डिलीट करो." नाही करणार. एकेक बदाम काढतेय, अजून संपले नाहीत. उद्या फोरमनकडून किल्ली घेऊन तिच्या हातात देणार. आणि तुझ्या त्या कुलपाच्या फोटोखाली तिच्याकडून चिनीत लिहून घेणार: ‘ती खरं बोलत होती. मी तिथं होते.’ पाठवण्याआधी एकेका शब्दाचा अर्थ विचारीन.

उशिरा वाचणारी तुझी दीदी,
फिलोमिना