अव्वाचा हात

१९ डिसेंबर. येळवस.
आज माझ्यामुळं अव्वाचं, माझ्या आईचं, मनगट मोडलं.
वेळ अमावास्येच्या पूजेला शेतात सगळे होते. भाऊ महेश, त्याची बायको रेखा, पोरं, लोहाऱ्याहून आलेले. कडब्याच्या कोपीतली पूजा झाली, आंबील शिंपडून झालं. मी लांब बांधावर बसलेली. गर्दी नको वाटत होती. अव्वा जेवायला हाका मारत होती. "सुनंदा... ए सुनंदा... ये की गं." मी उठले नाही. मग ती भज्जी-भाकरीचं ताट घेऊन स्वतःच आली, मागून खांद्याला हात लावला.
मी झटकलं. नुसतं झटकलं नाही, ढकललं. "येते म्हणून सांगितलं ना!" असं ओरडले. सांगितलं कुठं होतं? ती ढेकळांत पडली. हातावर.
पुढचं लिहायला लाज वाटते. ती पडली आणि माझा राग गेला, एकदम. कोपीची दोन धाटं उपसली, ओढणीनं हात बांधला. "बोटं हलव. दुखतंय कुठं? इथं?" आवाज पार नर्सच्या ड्यूटीवरचा. रेखा नुसती बघत उभी.
जखम समोर असली की मी शांत. नसली की...

२० डिसें.
लोहाऱ्यात प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी विचारलं तर अव्वा म्हणाली, "ढेकळात पाय घसरला." मी शेजारीच उभी होते.
बाहेर आल्यावर महेश म्हणाला, "अक्का, अव्वा आता माझ्याकडं राहील."
"प्लास्टर निघेपर्यंत?"
"बघू."
तो माझ्याकडं न बघता बोलत होता. जीपनं एकटी माकणीला घरी परत.

२३ डिसें.
घर फार गप्प. आज स्वयंपाकघर आवरताना लक्षात आलं. मांडणीवर प्रत्येक भांड्याखाली फडकं. पातेल्याच्या झाकणाला चिंधी बांधलेली, वाजू नये म्हणून. कधीपासून?
मी फौजेतून येऊन दोन वर्षं झाली. मला वाटायचं, वयामुळं अव्वा हळू झाली. हळू चालते, हळू बोलते, टीव्ही बारीक करते.
माझ्यामुळं हळू झाली होती.

२ जानेवारी
पद्माला फोन केला. एकाच फील्ड हॉस्पिटलात होतो आम्ही दोघी. ती आता केरळात, तिच्या गावी. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "वो गाड़ी वाला दिन?"
हो, तोच.
गाडी दरीत गेली, पेटली. एकदम इतके जखमी आले. आधी कुणाला घ्यायचं ते ठरवायचं काम माझ्याकडं. एक जवान जास्तच भाजलेला, वाचणारा नव्हता. मी 'शेवटी बघायचं' अशी चिठ्ठी बांधली आणि पुढच्याकडं गेले. तो मागून "सिस्टर... सिस्टर..." करत राहिला. ओरडून नाही. शेजारच्या खोलीतून घरच्या माणसानं हाक मारावी तसं. माझे दोन्ही हात दुसऱ्याच्या पोटावर दाबलेले. मग हाका थांबल्या.
निर्णय बरोबर होता. सगळे तेच म्हणाले. आज वेळ आली तरी मी तेच करीन.
अव्वा पण तशीच हाका मारते. न चिडता, सारख्या. यात तिचा काय दोष?

१२ जाने.
सोलापूरला मनाच्या डॉक्टरांकडं गेले. आधी एक समुपदेशक मुलगी बसते. तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही हॉस्पिटलात होता ना? म्हणजे लढाईवर नाही?"
मी टेबलावर मूठ आपटली. तिच्या चहाचा कप खाली. उठून आले. स्टँडवर बसले, समोरची बस गेली तरी कळलं नाही.
साधा प्रश्न होता. तिला माहीत नव्हतं म्हणून विचारलं. पोरगी काय घाबरली असेल.

१४ जाने. संक्रांत.
तिळगूळ घेऊन लोहाऱ्याला. रेखा दारातच. "अव्वा झोपल्यात, अक्का." आतून अव्वाच्या मालिकेचा आवाज येत होता. मोठा, खणखणीत.
डबा रेखाच्या हातात दिला. आले.

२६ जाने.
शाळेत झेंडावंदन. दोन माजी सैनिकांचा सत्कार. मग सरपंच म्हणाले, "आपल्या सिस्टरबाईंना काही गोळीपुढं जायची वेळ आली न्हाई, पण सेवा मोठी केली." टाळ्या. मीही वाजवल्या. आज राग आला नाही, नुसता थकवा आला.
परतताना नारायणकाका सोबत चालत आले. तेही फौजेतलेच, सत्कार झालेल्या दोघांतले एक. एकदम म्हणाले, "माजा हात बायकोवर लई उठायचा, मॅडम. सुट्टीवर आलो की. लोकं म्हनायची, फौजी हाय, गरम डोक्याचा. आता माफी मागावं तर ती न्हाई."
मी काही विचारलं नव्हतं. गावात कळलंय म्हणजे.

२९ जाने.
परत सोलापूर. तीच मुलगी. आधी माफी मागितली. "कप जुनाच होता," म्हणाली. मग त्या जवानाचं सांगितलं. सांगून होईपर्यंत तिनं पेन उचललं नाही. शेवटी एवढंच, "आईंना माहितीये हे?"
नाही. घरी कुणालाच.
गोळ्या सुरू. पंधरवड्यानं बोलावलंय.

८ फेब्रु. लोहारा.
प्लास्टर निघालंय. महेशनं आज आत घेतलं, पण स्वतः दारातच उभा. अव्वाचं मनगट आखडलंय. कोमट पाण्यात धरून हळूहळू वळवलं. पहिल्यांदा हात धरला तेव्हा तिनं डोळे मिटले. दुखलं म्हणून नाही, भीतीनं.
मग मी सांगितलं. दरी, गाडी, तो जवान, त्याच्या हाका. खाली पाण्याकडं बघत सांगितलं. महेश कधी येऊन खाली बसला कळलं नाही.
अव्वानं ओला हात पदराला पुसला. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुला मीच नकोशी झाले."
"न्हाई गं अव्वा."
"मग आधी सांगायचं न्हाई का?"
"घरी चल," तोंडापर्यंत आलं होतं. गिळून टाकलं.
जेवणं झाली. अव्वा दुपारची पडायला आतल्या खोलीत गेली. आणि आतून कडी लावली. महेशनं माझ्याकडं बघितलं. रेखा ताटं उचलून लगबगीनं स्वयंपाकघरात गेली.
मी निघायला म्हणून पिशवी उचलली. दारामागून आवाज आला, "गेलीस का गं?"
"न्हाई."
"बस मग. उठल्यावर चहा घेऊ."
कडी निघाली नाही.
बाहेर सतरंजीवर बसून हे लिहितेय. चार वाजत आलेत. दार अजून बंद आहे. मी बसलेय.