लहान मशीनच का घेतलंत?

प्रिय अहो,

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. आज ट्रान्सपोर्टवाल्यांचं कार्ड आलं, म्हणून लिहायला बसले. तुमचं मिलिंग मशीन रत्नागिरीच्या गोदामात येऊन पडलंय. आठ दिवसांत सोडवून न्या, नाहीतर परत पाठवू, असं लिहिलंय. कार्ड वाचलं, खिळ्याला अडकवलं आणि तांदूळ निवडत बसले. खरंच सांगते, काहीच वाटलं नाही.

परवा वन्सं म्हणाल्या, "रडून घे गो एकदा, मोकळी होशील." येत नाही तर काय करू?

आठवतं, या मशीनवरून मी केवढा घोळ घातला होता? तुम्ही म्हणालात, आता मिल घ्यायची. मला वाटलं, पिठाची गिरण! दळणासाठी बाजारापर्यंतची पायपीट संपली म्हणून अख्ख्या वाडीला सांगून आले. दुसऱ्या दिवशी काशीवहिनी तांदळाचा डबा डोक्यावर घेऊन दारात हजर. "भावोजी, माजा नंबर पयला हां!"

तुम्ही पडवीत लेथवर लोखंड कातत होतात. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं तुमच्या. "वैनी, हेच्यात पीठ नाय पडत. हेच्यात लोखंड तासतात!"

मला राग आला, पण तो हसण्याचा नव्हे. तीस वर्षं मुंबईच्या कारखान्यात फिटर म्हणून काढलीत. गणपतीला आणि शिमग्याला पाहुण्यासारखे आलात. रिटायर होऊन घरी आलात ते थेट पडवीत! सकाळी लेथ, दुपारी लेथ. वाफेची वीतभर इंजिनं करायची आणि ती फुकफुकताना बघत बसायचं. त्यात आणखी एक मशीन? मी चहा उंबऱ्यावर ठेवून मागे फिरायची. आत ये, असं एकदा तरी म्हणालात का?

निवडायला मात्र मला मुंबईला नेलंत. मी का आले, कुणास ठाऊक. त्या दुकानात दोन मशिनं होती. एक जुनं, काळं, धिप्पाड. दुसरं लहान, टेबलावर मावेल एवढं. मोठ्यावरून तुमचा हात निघेना. चाक उलटसुलट फिरवून ते रिकामं किती फिरतं, म्हणजे झीज किती झालीय, ते बघत होतात. "पोलादात खोल गेलं तरी हे थरथरायचं नाही," म्हणालात. लहान थरथरतं, हेही तुम्हीच सांगितलंत.

मग मला म्हणालात, "तू फिरवून बघ." मोठ्याचं चाक माझ्याने जागचं हललं नाही. लहानाचं फिरलं.

"कुठचं घेऊया?"

"कुठलंही घ्या. मला काय करायचंय त्याच्याशी?"

किती तोडून बोलले मी! घरी आल्यावर पत्राने मागणी कळवलीत. कुठल्या मशीनची, ते मी विचारलंही नाही. आणि पंधरा दिवसांनी, लेथपाशी बसल्याबसल्याच तुम्ही गेलात.

मशीन परत पाठवायचं मी ठरवलं होतं. त्यालाही पावती लागणार, म्हणून त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा पडवीत शिरले. पावती तुमच्या वहीत मिळाली. त्याच पानावर तुम्ही दोन्ही मशिनांचं लिहून ठेवलं होतं. मोठं : काम उत्तम, मोटर बदलावी लागेल. लहान : काम बेताचं, सावकाश कापावं. आणि लहानावर खूण करून खाली एक ओळ. "हिच्या हाताने फिरतं. दोघांना पुरे."

दोघांना! अहो, हे तोंडाने सांगायला काय झालं होतं? मी काय खाणार होते तुम्हाला? मनासारखं मशीन सोडून माझ्यासाठी दुसरं घेतलंत, आणि मला ते वहीत वाचावं लागलं.

वही मिटली. रडू अजूनही आलेलं नाही.

मशीन परत जाणार नाही. वर्ष होईपर्यंत बाईने घराबाहेर पडू नये म्हणतात, म्हणोत बापडे. सोमवारी मी स्वतः गोदामात जाईन आणि सही करून ते सोडवीन. समुद्राची हवा आहे, तेव्हा रोज तेलाच्या फडक्याने पुसत जाईन. शिकेनसुद्धा. चुकेल, पण बोटं सांभाळीन.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी उत्तर लिहून देते. हो, मी आत येऊन बसले असते. आता एकटी बसेन.

तुमचीच,
इंदू