पुष्पलतेच्या दोन नोंदी

नागपूर, श्रावण, सन १९८८

तीर्थरूप बाबाराव मामाजींच्या पायावर ईश्वरदासचं डोकं. तुमच्या गुडघ्याला आराम पडला का, आणि मामींचा खोकला कसा आहे? इकडचं क्षेम लिहायला घेतलं होतं, पण खोटं किती लिहिणार.

मी कळमन्याच्या आडतीतलं काम सोडलं हे तुमच्या कानावर आलंच असेल. (सोडलं म्हणजे संत्र्याच्या ट्रकसोबत दिल्ली बघून आलो, तोवर त्यांनी दुसरा माणूस ठेवला.) मग सीताबर्डीत कॉम्प्युटरचा क्लास लावला. नवी नोंद घालायचा धडा झाला. जुनी नोंद सुधारायचा धडा होता तेव्हा मी रामटेकला होतो. तरी आपल्या समाजाच्या वधूवर मंडळाचे सचिव भैय्याजी म्हणाले, पोरगा चलाख आहे, उपवर मुलामुलींची यादी मशीनवर तोच चढवेल. हिंगण्याच्या एका कारखान्यात मशीन होतं, सुटीच्या दिवशी ते आम्हाला वापरू देत.

मामाजी, तुम्ही मागावर बसलेले, तुम्हाला लगेच समजेल. नवं पातळ विणणं वेगळं आणि तुटलेला धागा सांधणं वेगळं. मी शहाण्याने दोन्ही कामं एकाच हुकमात बसवली. मशीन नाव विचारणार. ते नाव आधीपासून असलं तर त्याच नोंदीत दुरुस्ती, नसलं तर नवी नोंद. हे मला इतकं सुंदर वाटलं की त्या आनंदात मी दोन प्लेट तर्री पोहे खाल्ले.

वैशाखात भैय्याजींच्या पुष्पलतेचं लग्न झालं, तुमच्या उमरेडच्या नत्थूजींच्या थोरल्या मुलाशी. सासरच्यांनी रीतीप्रमाणे नाव बदलून देवकी केलं. भैय्याजींनी हौसेने मला लिहून दिलं: देवकी, विवाहित, मुक्काम उमरेड. मशीनने शोधलं, देवकी कोणी सापडली नाही, म्हणून नवी नोंद केली. जुनी पुष्पलता जशीच्या तशी उपवर राहिली. पोरगी सासरी गेली आणि मशीनच्या लेखी भैय्याजींना एक पोरगी वाढली.

पुढे नत्थूजींनी धाकट्यासाठी मंडळाकडे स्थळ मागितलं. मशीनने वय, उंची, शिक्षण जुळवलं (जुळणारच, थोरल्याशी जुळलं होतं) आणि पोस्टकार्ड छापलं: भैय्याजींची कन्या पुष्पलता. बाहेर दोस्त स्कूटर चालू ठेवून उभा होता, मी न वाचताच पेटीत टाकलं. म्हणजे दिराला वहिनीचंच स्थळ. नत्थूजींना वाटलं, व्याह्याने सोयरीक मोडली आणि पोरगी पुन्हा दाखवायला काढली. आपल्या घरी जा म्हणून त्यांनी तिला ट्रंकेसकट बसमध्ये बसवून दिलं. इथे तिची आई तेच म्हणून राहिली, आपल्या घरी जा.

मी भैय्याजींना घोळ समजावत होतो, तर दारातून पुष्पलता म्हणाली, “मशीनमंदी मी दोन ठिकाणी आहो म्हणता ना ईश्वरभाऊ, मंग घरात एकाही ठिकाणी काहून नाही गा?”

कुठेतरी निघून जावं म्हणतो, पण या खेपेला पाय उचलत नाहीत. तिचा संसार माझ्या एका हुकमाने मोडला, मामाजी, आणि मला नोंद साधी पुसताही येत नाही.

तुमचा निकामी भाचा,
ईश्वरदास

ता. क. नत्थूजींचं घर तुमच्या समोरच आहे. चहाच्या निमित्ताने जाऊन सांगा की चूक यंत्राची आहे. माझी आहे असं सांगितलं तरी चालेल, फक्त माझा पत्ता देऊ नका.

पुन्हा ता. क. भैय्याजींच्या ओसरीवर पाकीट चिकटवत होतो, तर पुष्पलता आली. म्हणते, निरोप अवश्य सांगा, पण मी येईन ती पुष्पलता म्हणून. देवकी हे नाव मला कोणी विचारून ठेवलं नव्हतं. कबूल नसेल तर त्यांनी घ्यायलाही येऊ नये. भैय्याजींनी कपाळाला हात लावला. मला मात्र तिचं म्हणणं फार पटलं. नाव बदललंच नाही, तर माझ्या प्रोग्राममध्ये काहीच चुकलेलं नाही. जे चुकलं ते नत्थूजींचं. हे शेवटचं वाक्य तेवढं चहा पिऊन झाल्यावर सांगा.