पितराच्या आधी बटूचा घास

१९ एप्रिल १९९८, रविवार
शोभा कोसाडहून आली ती कुत्र्याचं पिल्लू घेऊनच. पांढरं, मुठीएवढं. पॉमेरियन म्हणे. "माय, तू एकली भितीसंगे बोलस. आते याच्यासंगे बोल." नको म्हटलं. ह्यांना जाऊन वर्ष झालं नाही, घरात खेळणं कशाला? पण लेक ऐकते थोडीच. तिच्या पोरींनी नावही ठेवून दिलंय, बटू.
जाताना बजावून गेली. दिवसातून चारदा, थोडं थोडं. पोट रिकामं राहू द्यायचं नाही. कांदा-लसूण नाही, हाड नाही. खाटेवर ठेवायचा नाही, पडला तर पाय मोडेल. सुया पूर्ण होईस्तोवर गल्लीत सोडायचा नाही.
बाळंतपणात सासूने मला एवढं सांगितलं नव्हतं.

२१ एप्रिल
म्हशीचं दूध पचलं नाही. घरभर घाण. आज मऊ भात, त्यात उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक. या घरात अंडं पहिल्यांदाच शिजलं, हे माळकरी. खाऊन माझ्या पायावर झोपला. मी हलले नाही. दळण राहिलं.

२४ एप्रिल
बटू आपल्याच शेपटीमागे फिरून धपकन बसला. मी हसले, मोठ्याने. भिंतीपलीकडून जशीबेन, "बेन, घणा दिवसे हस्या." गुजराती शेजारीण, बऱ्याच दिवसांनी हसलात म्हणून चांगल्या मनाने बोलली. पण नंतर ह्यांच्या फोटोकडे बघवेना. दु. जेवण गेलं नाही.

२८ एप्रिल
उद्या आखाजी, अक्षय्य तृतीया. ह्यांची पहिली. ह्यांच्या नावाने घागर पुजायची. चुलत दीर चलथाणच्या साखर कारखान्यात आहेत, ते पितर म्हणून पानावर बसतील. ह्यांच्या जागी तेच. पितर जेवल्याशिवाय आमच्यात घरातलं कोणी घास घेत नाही. आंबे आणले, डाळ निवडली.
बटूचं काय, हे मनात आलं होतं. आलं होतं, एवढं लिहून ठेवते.

२९ एप्रिल, आखाजी
रात्री लिहायला बसले.
स. बटूला काही दिलं नाही. घरातलं कोणी म्हणजे तोही, असं मीच ठरवलं. नैवेद्याला तोंड लावेल म्हणून मोरीत कोंडला. दीर लवकर येणार होते, बस चुकली. आले तेव्हा ऊन कललं होतं. तोवर बटू कुईकुई करत होता, दार खरडत होता. मग गप्प झाला. मला बरं वाटलं.
मला बरं वाटलं.
निखाऱ्यावर ह्यांच्या नावाच्या घासाची आगारी टाकली. दीर पानावर बसले, दोन घास झाले. पाणी घ्यायला मोरी उघडली तर बटू आडवा. पाय झाडत होता. एवढ्या उन्हाळ्यात अंग गार, हिरड्या पांढऱ्या. जशीबेनला हाक मारली. ती वाटीच घेऊन आली, "साकर लगाडो, मोंमां रेडशो नहीं." घशात अडकेल म्हणून तोंडात ओतू दिलं नाही. साखरेचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळत राहिले. जीभ हलली.
पदरात गुंडाळून निघाले. मागून दीर, "वहिनी, भाऊच्या पानावरून उठून चालल्या?" दारात थांबले मी. क्षणभर खरंच थांबले. मग रिक्षा केली.
डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर उतरली. "माजी, इतने छोटे को भूखा नहीं रखते. कब से नहीं खाया?"
मी म्हटलं, सुबह से खाता नहीं था.

३० एप्रिल
चमच्याने पेज, थोड्या थोड्या वेळाने. उभा राहतो, मागचे पाय कापतात. डॉक्टर म्हणतात बघू, मेंदूला त्रास झाला असला तर चार दिवसांत कळेल.
दीर अर्ध्या पानावरून उठून गेले. ते पान गाईला घातलं. म्हणजे हेही उपाशीच गेले. एकाच दुपारी दोघांना मी...
जशीबेनला बोलून दाखवलं. "तमारा ए तो माणस हता बेन, समजी जाय. आ शुं समजे?"
हे समजून घेत, ते मुकं पिल्लू काय समजणार, खरं आहे. म्हणूनच जास्त लागतं.

३ मे, रविवार
शोभा आली. बटू तिच्याकडे चालत गेला, पण डावीकडे कलत. "याले काय व्हयनं?"
खात नव्हता, असं सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही. मोरी सांगितली, दार खरडणं सांगितलं. गप्प झाल्यावर बरं वाटलं, तेही.
तिने बटूला उचलून मांडीवर घेतलं. बापाच्या पानाचं विचारेल वाटलं, ते विचारलं नाही. मग म्हणाली, "पुढच्या आखाजीले काय करशी?"
आधी बटू, असं म्हणायला तोंड उघडलं. ह्यांच्या फोटोखाली बसून ते निघेना. माहीत नाही, म्हटलं.
जावयांची इच्छापोरच्या कारखान्यात रात्रपाळी, तिला वेळेत निघायचं होतं. तरी मांडीवर बटूला घेऊन बसून राहिली. घेऊन जाते म्हणाली नाही, राहू दे म्हणाली नाही. पेज निवली होती. बटूला भरवायला वाटी तिच्या हातात दिली अन् बाजूला बसले.