गळ्यातली रेखा

शहादा, रविवार, संध्याकाळ

दुपारी सासूबाईंसोबत टीव्हीवर जुना काळा-पांढरा सिनेमा पाहिला. बोट बुडते आणि वाचलेली बाई मेलेल्या मैत्रिणीचं नाव घेऊन तिच्या सासरी नांदायला जाते. कोणी ओळखेल म्हणून सारखी घाबरलेली.

वाती वळता वळता सासूबाई म्हणाल्या, "इतली कसाले घाबरस ती? घरनं काम तं बरोबर करी ऱ्हायनी."

मी गळ्यातला टाक बोटांत धरून बसले. ह्यांची पहिली बायको रेखा वारली, तिच्या नावाचा, बाईची आकृती उठवलेला हा सोन्याचा टाक मांडवातच माझ्या गळ्यात घातला. नवी साडी आधी त्याला लावायची, मग मी नेसायची. तिचा राग येतो का मला? नाही. काहीच येत नाही, तेच टोचतंय.

सिनेमातली सासू शेवटी विचारते, तुझं खरं नाव काय? ती सांगते आणि रडते.

टीव्ही बंद केल्यावर सासूबाईंनी हाक मारली, "रेखा, चहा ठेव." नेहमीसारखीच. आज मात्र त्यांचं त्यांनाच कळलं. "भूल व्हयनी, माय. तुन्हं नाव..." म्हणत टाकाकडे बघत राहिल्या. आठवेना.

मीही सांगितलं नाही. चहा ठेवला.