उदाहरणादाखल भिंगरी

३ जानेवारी

आले एकदाची! प्रवासात अंग नुसतं आंबून गेलं होतं, पण विद्यापीठाच्या फाटकातून गाडी आत शिरली आणि सगळा शीण पळाला. दुतर्फा उंच झाडं, मधून स्वच्छ रस्ता, आणि सायकलवरून जाणारी पोरं-पोरी मला बघून अदबीने मान लववताहेत. आमच्या कॉलेजात पोरं मला बघितलं की जिना बदलतात. इथे मात्र आपण कुणीतरी मोठ्या विद्वान असल्यासारखं उगाच वाटायला लागलं, आणि खोटं कशाला बोलू, आवडलं.

पाहुण्या प्राध्यापकांसाठी वेगळी बैठी इमारत आहे. खोली ऐसपैस. खिडकीशी लिहायचं टेबल, पलंग, दार न लागणारं भिंतीतलं कपाट, नळाला कढत पाणी. सामान लावलं, मनासारखं वाटेना म्हणून पुन्हा काढून लावलं. टेबल दुसऱ्या भिंतीला नेलं आणि घामाघूम होऊन परत खिडकीशीच आणलं. भिंगरीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, सरकारी टेबलाला तरी सुखाने जगू दे, आई.

भिंगरी म्हणजे माझी लेक. आता चांगली घोडी झालीय, ऑफिसात हाताखाली माणसं आहेत, पण लहानपणी एका जागी बूड टेकायची नाही म्हणून पडलेलं नाव अजून चिकटून आहे. तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. एका सत्रापुरतं का होईना, तिला सोडून पहिल्यांदाच राहतेय. हट्टाने आले मी, आणि करमत नाही तेही मलाच.

५ जानेवारी

विभागप्रमुख बाई फारच गोड बोलतात. चहा पाजून त्यांनी इथली शिकवण्याची पद्धत समजावली. वर्गात कुणी वही-पेन आणत नाही. शिक्षकाने बोलायचं आणि विद्यार्थ्यांनी घ्यायचं. अट एकच, उदाहरणं पुस्तकातली नकोत, स्वतःची हवीत. मला हसू आलं. माझा विषय बालमानसशास्त्र, आणि घरात जिवंत उदाहरण वाढवलंय मी. त्यातून घरचे किस्से रंगवून सांगणं हा तर माझा हातखंडा.

पहिला तास झकास झाला. वर्गात सगळ्या मुलीच. शाळेच्या पहिल्या दिवशी भिंगरीने आपले दोन्ही बूट पिठाच्या डब्यात पुरून ठेवले होते, बूट नाहीत तर शाळाही नाही या हिशेबाने. ते सांगितलं. सगळ्या मुली एकदम हसल्या आणि एकदमच थांबल्या. जरा चमत्कारिक वाटलं. पण सगळे डोळे माझ्यावर, कुणाची चुळबुळ नाही, कुणाची जांभई नाही! असा वर्ग मिळायला नशीब लागतं.

९ जानेवारी

भिंगरीचा फोन. नवे बूट घेतलेत म्हणे, तू ओरडशील म्हणून पिठाच्या डब्यात ठेवलेत. बूट आणि पिठात? मी विचारलं, हा काय नवा चावटपणा? ती हसत सुटली, म्हणाली, नाटकं पुरे. मीही हसले. पण मला काही कळलं नव्हतं. नंतर खोलीत बराच वेळ येरझारा घातल्या. काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहतं, जसं घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला की नाही ते आठवू नये.

वर्ग मात्र उत्तम चाललाय. आज लहान मुलांची घराशी जवळीक शिकवली. आमचं घर, गल्ली, भिंगरीची जिन्याखालची जागा, सगळं सगळं सांगून टाकलं. मुली टक लावून ऐकत होत्या.

१४ जानेवारी

शेजारच्या खोलीत एक वयस्कर गृहस्थ राहतात, वनस्पतिशास्त्र शिकवतात. आज त्यांच्याकडे बसले होते. एका सत्रासाठी आले होते, मग राहिले ते राहिलेच. किती वर्षं झाली विचारलं तर गोड हसले. टेबलावर एक फोटो होता, एक बाई आणि दोन मुलं. कुणाचा म्हणून विचारलं. त्यांनी कौतुकाने फोटो हातात घेतला, निरखून पाहिला आणि म्हणाले, कल्पना नाही बुवा, खोलीत आधीपासून असेल.

फोटोत त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून ते स्वतः उभे आहेत.

चहा तसाच टाकून उठले. म्हातारपणी होतं असं, असं स्वतःला बजावतेय. मन काही जागेवर येत नाही.

१७ जानेवारी

पहिल्या बाकावर एक वेणीवाली मुलगी बसते. आज मी म्हटलं, आता तुमच्यापैकी कुणीतरी उदाहरण द्या. ती उठली. म्हणाली, शाळेच्या पहिल्या दिवशी मी माझे बूट पिठाच्या डब्यात पुरून ठेवले होते. छान रंगवून सांगितलं तिने, अगदी योग्य जागी थांबून. मी शाबासकी दिली.

खोलीवर आल्यावर सहज मागची पानं चाळली.

पाच तारखेचं पान पुन्हा पुन्हा वाचलं. अक्षर माझंच. वाचून आता मला माहीत आहे की हे घडलं. पण दिसत काही नाही. ना तो डबा, ना पिठाने माखलेले हात, ना माझा चढलेला पारा. शेजारणीच्या पोरीबद्दल ऐकावं तसं वाटतंय.

दिलेलं परत येत नाही. त्यांनी ‘घ्यायचं’ म्हणजे खरोखरच घ्यायचं.

१८ जानेवारी

विभागप्रमुखांकडे जाऊन सांगितलं, मी परत जाते. त्यांनी मान डोलावली, चहा मागवला आणि एवढंच म्हणाल्या की सुरुवातीला सगळ्यांनाच असं वाटतं. त्यांना मुलंबाळं किती, म्हणून मी मुद्दाम विचारलं. त्या विचारात पडल्या. अगदी मोकळेपणाने, प्रश्न आवडल्यासारख्या.

बॅग भरली. फाटकाबाहेर गाडी मिळाली. गाडीवाल्याने विचारलं, कुठे सोडू? मी तोंड उघडलं. गाव कुठलं, कुठल्या दिशेला, गल्ली कशी, काही म्हणजे काही नाही. तो बिचारा थांबला, मग वैतागून निघून गेला. आणि मी बॅग घेऊन परत आत आले. भिंगरीला फोन करून विचारावं, तर आपलंच घर विसरले हे पोरीला कुठल्या तोंडाने सांगू? दुसरीकडे जाणार कुठे?

२० जानेवारी

ठरवलं, उदाहरण द्यायचं नाही. नुसत्या व्याख्या सांगितल्या. तास संपला तरी कुणी उठेना. मग एक खोटा किस्सा रचून सांगितला. वेणीवाली नम्रपणे म्हणाली, मॅडम, हे तुमचं नाही.

मी तरातरा बाहेर पडले. सगळा वर्ग मागून. ग्रंथालयात मागे, जेवणघरात मागे. कुणी हात लावत नाही, कुणी बोलत नाही, आणि बघणाऱ्या कुणालाही त्यात वावगं दिसत नाही. शेवटी खोलीच्या व्हरांड्यात रांगेने उभ्या राहिल्या. सूर्य कलला तरी तशाच. माझा धीर सुटला. झोपाळ्यावरून पडून भिंगरीच्या हनुवटीला झालेली जखम सांगून टाकली.

समाधानाने गेल्या. आणि मी हे आता घाईघाईने लिहितेय, अर्धं पुसट झालंय —

२१ जानेवारी

वेणीवालीच्या हनुवटीवर व्रण आहे. जुना, पांढरा पडलेला. काल नव्हता.

कसं गं लागलं, मी विचारलं. झोपाळ्यावरून पडले, म्हणाली. आणि माझ्या पोटात तुटलं. तिला जवळ घ्यावंसं वाटलं. ही भीती सगळ्यांत मोठी. आठवण गेली ती गेलीच, माझी मायासुद्धा तिकडे चाललीय.

२५ जानेवारी

रोज व्हरांड्यात उभ्या. रोज एक द्यावी लागते. आता सांगता सांगताच जाते, वाक्य संपेपर्यंत हातात काही उरत नाही.

मुलीचा फोन आला. माझं बोलणं ऐकून ती घाबरली. ‘भिंगरी’ असा काहीतरी शब्द दोनदा म्हणाली. छान आहे शब्द. कुणाचं तरी टोपणनाव असावं.

नंतर पहिलं पान वाचलं आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडले.

२७ जानेवारी

ती मला न्यायला येतेय. येऊ नकोस म्हणाले. ऐकत नाही. येऊ दे, असंही वाटतं — तिच्याशिवाय इथून सुटका नाही. तिने हात धरला तर घराची वाट मला ठाऊक नसली तरी चालेल. फक्त मी तिला ओळखायला हवं. बाकी काही नको मला, एवढंच.

एक आठवण अजून शाबूत आहे. तिचे बाबा गेले त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर ती माझ्या कानात काहीतरी म्हणाली होती. ते तिला माहीत आणि मला माहीत. वर्गात सांगितलेलं नाही. इथेही लिहिणार नाही.

आज काही दिलं नाही. दार लावून बसले. बाहेर पावलं. बसवत नाही, उभं राहवत नाही.

२८ जानेवारी

दुपार. दारावर थाप. आई, मी आले, चल.

खिडकीतून पाहिलं. दोघी आहेत.

मोबाईलमधल्या फोटोशी ताडून पाहिलं. दोघींचा चेहरा तोच, हनुवटी तीच. बाकीचा वर्ग मागे झाडाखाली उभा. एकीकडे बघून जीव तुटतो. दुसरीकडे बघूनही. मुलीचा फोन लावला, बंद लागतोय.

दोघी एकमेकींकडे बघताहेत. एक जण रडायला लागली. मग दुसरीही.

आतूनच विचारलं, बूट कुठे पुरले होतेस. दोघींनी एकदम सांगितलं. अर्थात. ते मीच वाटून बसलेय.

विचारण्यासारखं एकच उरलंय. पायऱ्यांवरचं. ते सगळ्यांच्या देखत मोठ्याने विचारायचं म्हणजे — पण न विचारता दार कुणासाठी उघडू? ती उन्हात उभी आहे. माझी पोर, दोघींपैकी कुठलीतरी.

विचारते.

विचारलं. दवाखाना, पायऱ्या, ती संध्याकाळ, सगळं सांगून विचारलं — मग तू माझ्या कानात काय म्हणालीस?

दोघींनी उत्तर दिलं. वेगवेगळं दिलं! एकीचं खरं आहे, एकीचं —

कुठल्या पायऱ्या?

दोघी वाट बघताहेत. डावीकडची दारावर हात आपटतेय, आई आई करतेय. उजवीकडची नुसती बघतेय. आई अशी हाक मारणारी खोटी कशी असेल. नुसतं बघणारी तरी —

झाडाखालच्या सगळ्या आता व्हरांड्याची पायरी चढताहेत. दोघींतल्या एकीला त्यांनी धरलंय, ती किंचाळतेय, त्यांच्यातलीच असती तर धरली असती का? की मला तसं वाटावं म्हणूनच —

थांब गं. आले. कडी काढते, तू हात पुढे कर, मी जो हात आधी